खाल्ल्या मिठाला

"आई, उजेड हलवू नकोस."
गाडीखालून फक्त बूट बोलतात.
मी गॅरेजच्या गार फरशीवर पालथी, हातात बॅटरी,
अंगावर हॉस्पिटलचाच निळा पोशाख,
रात्रपाळीहून आलेली, अजून न झोपलेली.

शाल्मलीचा पिकअप. दोन हजार तीनशे डॉलर,
दोन उन्हाळे किराणा दुकानात
लोकांच्या पिशव्या भरून जमवलेले.
शेजारी खोक्यात नवे हेडर्स:
स्टीलच्या चार-चार नळ्या
एकमेकींना वळसे घालत, अंग चोरत,
शेवटी एकाच तोंडात मिळालेल्या.
"यानं काय होणार?"
"इंजिन मोकळा श्वास घेईल."
सोडेल, असं म्हण.
मी रोज माणसांना यंत्रापुढे बसवते,
नाकाला चिमटा लावते, सांगते,
फुंका, फुंका, अजून फुंका.
घेणं बहुतेकांना जमतं.
अडतं ते सोडताना.

एरीत सरोवरावरून बर्फ येतो
आणि रस्त्यांवर मीठ पडतं, ट्रकच्या ट्रक.
चौदा हिवाळे या गाडीनं ते खाल्लं
आणि तिचे बोल्ट खाल्ल्या मिठाला जागले,
जागा सोडायला तयार नाहीत.
तीन दिवस त्यांना तेल पाजलं.
ज्योतीनं शेकलं. हातोडीनं समजूत काढली.
पहिला कुरकुरला, सुटला. मग दुसरा, तिसरा.
पाचवा शिवी खाऊन सुटला.
अस्सल मराठी शिवी. कुठं शिकलीस, विचारलं नाही.
या घरात शिकवणारी मी एकटीच.

सहावा अगदी मागचा,
जिथं धड हात जात नाही नि नजरही.
टक्.
मुंडकं पान्यात, धड इंजिनात.

मग बराच वेळ बूट काही बोलले नाहीत.

जयसिंगपुरात आमची पिठाची गिरणी होती.
पट्टा निसटला की अण्णा आधी मला बाहेर काढत,
ओढणी अडकेल म्हणून.
दाराशी उभी राहून मी
आवाजावरून ओळखायची
आत काय बिघडलंय ते.
कुणी विचारलं नाही कधी.

बर्नी विस्नेव्स्की आला कुंपणापलीकडून,
वेल्डिंगचं यंत्र हातगाडीवर घालून.
रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
तुटक्या बोल्टावर त्यानं एक नट ठेवला,
डोळे मिटा म्हणाला,
आणि पापण्यांआडूनही निळं दिसलं.
"लाल आहे तोवर फिरव. घाई नको. मागेपुढे, मागेपुढे."
शाल्मलीनं फिरवला.
मी सवयीनं बर्नीचा श्वास मोजत होते:
आत दोन, बाहेर सात, शेवटी बारीक शीळ.
त्याला म्हटलं, मंगळवारी येऊन जा माझ्याकडे.
तो म्हणाला, आधी हा येऊ दे.

आला. करकरत, नाइलाजानं, सासरी निघाल्यासारखा.

पुढचं सोपं होतं म्हणे.
सोपं म्हणजे पाच तास:
पापडाएवढं गास्केट दोनदा सरकलं,
एक नळी स्टिअरिंगच्या दांड्याला घासत होती,
कोपर सोललं, पिझ्झा थंड झाला,
आणि टॉर्क रेंच दर बोल्टाला कट् म्हणाला,
बस्, एवढंच, याच्यापुढे नाही.

चावी फिरवली तेव्हा अंधारलं होतं.
आधी धूर, हातांचं तेल जळल्याचा.
मग स्टील तापत गेलं:
गव्हाळ, जांभळं, निळं,
खणाच्या कापडात दोन रंग दिसावेत तसं.
आवाज असा की बर्नीच्या बायकोनं खिडकी उघडली
आणि मग उघडीच ठेवली.
शाल्मली हसत होती, नाकाला काजळी.
मी मागे जाऊन नळकांड्यापुढे तळवा धरला.
ऊन, दमदार, न अडखळता.

पण त्या गडगडाटाखाली काहीतरी होतं.
टिक्. टिक्. टिक्.

"कुठंतरी गळतंय," मी म्हटलं.
"छे, नवीन आहे, बसेल."
"डावीकडे. मागून दुसरा."
तिनं बर्नीकडे पाहिलं. बर्नीनं माझ्याकडे.
इंजिन बंद केलं.
मी बॅटरी तिच्या हातात दिली,
म्हटलं, धर,
आणि हलवू नकोस.